नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही: इंग्लंडच्या खेड्यातले पूर्वज शोधताना

सासूबाईंच्या वंशवृक्षात एक बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी बाळंत झाली होती आणि इतक्या वर्षांत कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. सासूबाईंचं माहेर सॉमरसेटचं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडची ही काउंटी सफरचंदाच्या बागांची, चेडर चीजची. झाड थेट सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गेलेलं, चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगलेलं. मी सहज जोन नावाच्या त्या बाईचा बाप्तिस्मा आणि तिच्या मुलाचा बाप्तिस्मा यांची वजाबाकी केली आणि नसती आफत गळ्यात घेतली. त्यानंतरच्या चार वर्षांत जे शिकले, ते इथे क्रमाने सांगते. नवरा, बायको, सून किंवा जावई इंग्रज असलेली मराठी घरं आता कमी नाहीत. नातवंडांना दोन्हीकडचं सांगायचं तर हे कोणाला तरी करावंच लागतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे कुलवृत्तांत असतात, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. तिथे नातं लिहिलेलंच असतं: अमुकाचा मुलगा, तमुकाचा नातू. इंग्लंडच्या खेड्यातल्या पाद्र्याने नाती सांभाळली नाहीत, प्रसंग नोंदवले. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न लागलं, कोणाला पुरलं. हे तीन प्रसंग एकाच माणसाचे आहेत हे तो कुठेच लिहीत नाही. ते आपण सिद्ध करायचं असतं, आणि सगळी चूक तिथेच होते.

आजपासून मागे, एकेक पायरी

सुरुवात आजी-आजोबांपासून करायची. "आमचं घराणं अमुक सरदाराचं" अशा दंतकथेपासून खाली यायचं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीतही ते १८३७ पासून दिसतं, त्यामुळे एका जोडप्याची सगळी मुलं एकत्र काढता येतात. फ्रीबीएमडी नावाची स्वयंसेवकांनी केलेली सूचीही फुकट आहे. मात्र जन्म नोंदवला नाही तर दंड, हे १८७५ पासूनचं. त्याआधीची काही मुलं सूचीत सापडतच नाहीत, म्हणून घाबरू नका.

सरकारी दाखल्यांच्या जोडीला जनगणना. १८४१ पासून माणसांची नावं मिळतात, पण त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहिली आहेत. चोवीस वर्षांचा तरुण वीसचा होतो. कोण कोणाचं कोण हेही नाही. १८५१ ची जनगणना मात्र सोन्याची. तिथे नातं आणि जन्माचं पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, दोन्ही लिहिलेलं असतं. १७७० च्या आसपास जन्मलेला म्हातारा १८५१ ला जिवंत असेल, तर एका ओळीत तुम्ही सरकारी नोंदणीच्या मागे साठ-सत्तर वर्षं उडी मारता. प्रत्येक जनगणनेत तोच माणूस काढा, कारण जन्मगाव दर वेळी एकच सांगतील असं नाही. एकदा लहान वाडीचं नाव, एकदा शेजारच्या बाजाराच्या गावाचं.

पॅरिश म्हणजे काय आणि त्याची वही कुठे

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. त्यात एक गाव, चार वाड्या, कधी नुसती शेतं. हेन्री आठव्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदवावं. सुरुवातीच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी कागदावर होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासूनच्या. लिहिणाऱ्यांनी "विशेषतः" या शब्दाचा सोयीचा अर्थ घेतला, म्हणून कितीतरी वह्या १५३८ ऐवजी १५५८ ला सुरू होतात. त्याच वेळी दर वर्षीची नक्कल बिशपकडे पाठवायचा नियमही आला. मूळ वही भिजली, हरवली, उंदरांनी खाल्ली, तर या बिशपच्या नकला बघायच्या. वही शाबूत असली तरी बघायच्या, कारण नक्कल करताना पाद्री कधी एखादा शब्द जास्त लिहून जातो.

वह्या आज बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारात असतात. सॉमरसेटच्या टॉन्टनजवळ. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग या संकेतस्थळांवर बरंच फुकट आहे, अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट पैसे घेतात. पण सूची ही फक्त दिशा दाखवणारी पाटी. मूळ पानाचा फोटो पाहिल्याशिवाय एकही नाव झाडावर चढवू नका. सूचीत न उतरलेला "विधुर" हा एक शब्द सगळी गोष्ट फिरवू शकतो.

वहीत काय मिळेल हे काळावर ठरतं. १८१३ पासून छापील तक्ते आले. बाप्तिस्म्याला बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनाला वय. त्याआधी पाद्र्याची मर्जी. कोणी "जॉन, थॉमस आणि अ‍ॅनचा मुलगा" लिहितो, कोणी आईला गाळून टाकतो. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि कंगालांना तो माफ होता. त्या वर्षांत नावापुढे "कंगाल" असा शेरा दिसला, तर तो खरा असेल किंवा दयाळू पाद्र्याची पळवाट असेल. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि राजाविनाच्या काळात वह्यांना भोकंच भोकं आहेत. पुष्कळांची वाट तिथेच संपते.

आणि बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. कधी आठवड्यात होतो, कधी चार भावंडांचा एकाच रविवारी.

आधी मेलेले बाजूला काढा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. आमचा जॉन १८५१ ला शेतमजूर, वय ६२, त्याच पॅरिशात जन्मलेला. बाप्तिस्म्याच्या वहीत त्या आडनावाचे दोन जॉन निघाले. एक १७८८ चा, बाप थॉमस. एक १७९० चा, बाप विल्यम. घाईने निवडायचं तर नाणं उडवा. त्याऐवजी मी दफनाच्या वहीत गेले. १७९१ मध्ये "जॉन, विल्यमचा मुलगा" पुरलेला. उरला थॉमसचा जॉन. वंशशोधात लोक जन्म आणि लग्नं हौसेने गोळा करतात, दफनं कंटाळवाणी म्हणून सोडतात. पण लहानपणी गेलेल्या मुलाला पणजोबा बनवून ठेवलेली झाडं इंटरनेटवर शेकड्यांनी आहेत.

मग आजूबाजूची पॅरिशं. चालत दिवसभरात जाऊन येता येईल एवढा पट्टा तपासा. तिसरा जॉन शेजारच्या गावात बसलेला असू शकतो. आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. पाद्र्याने ऐकलं तसं लिहिलं, आणि ज्याचं नाव त्याला बहुधा वाचताच येत नव्हतं. सॉमरसेटच्या बोलीत 'फ'चा 'व्ह' होतो आणि 'स'चा 'झ'. 'एफ'ने सुरू होणारं आडनाव 'व्ही'खाली शोधायला मला दीड वर्षाने सुचलं.

लग्नाच्या बाबतीत २५ मार्च १७५४ ही तारीख पाठ करा. लॉर्ड हार्डविकच्या कायद्याने त्या दिवसापासून लग्नाची वेगळी नोंद, वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी फुली, हे सगळं आलं. क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडले तर बाप्टिस्टांपासून कॅथलिकांपर्यंत सगळ्यांना १८३७ पर्यंत पॅरिशच्या चर्चमध्येच लग्न लावावं लागलं. तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची हाळी दिली जाई, तीही नोंदवायची. वर परगावचा असेल तर हाळीत त्याचं गाव मिळतं. लग्न बहुधा मुलीच्या गावी लागे, त्यामुळे मुलाच्या गावात नोंद नाही म्हणून हात टेकू नका.

तारखांचा एक चकवा: १७५२ च्या आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. जून १७२० ला बाप्तिस्मा झालेलं मूल फेब्रुवारी १७२० ला पुरलेलं दिसलं तर पाद्री प्यायलेला नव्हता. ती फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७२१ ची. वहीत "१७२०/२१" असं दोन्ही लिहायची सवय लावा. १७३३ पर्यंत काही नोंदी लॅटिनमध्येही सापडतात. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, एजिडियस म्हणजे चक्क जाइल्स.

गरीब माणूस जास्त बोलतो

सरदारांचे कागद असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण अगदी कफल्लक माणसाचेही असतात. कागद नसतात ते मधल्याचे, जो कोणाच्या अध्यात ना मध्यात. कारण गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर होती, आणि पैसा खर्च होतो तिथे कागद होतो.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचं एक हक्काचं पॅरिश ठरलं. परगावी राहणारा मजूर आजारी पडला, गर्भार बाई निराधार झाली, की गावाला घाम फुटायचा. मग त्याला दोन दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर विचारायचे: जन्म कुठला, बाप कुठला, पूर्ण वर्षभर कोणाकडे चाकरी केली, लग्न कधी, मुलं किती. हा जबाब म्हणजे न लिहिता येणाऱ्या माणसाचं एका पानाचं आत्मचरित्रच. मग त्याला मूळ पॅरिशात परत धाडण्याचा हुकूम निघे. अनौरस मूल झालं तर बाप कोण हे वदवून घेऊन त्याच्याकडून खर्चाचा बाँड लिहून घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत फक्त आईचं नाव असेल तर बाप शोधायची ही पहिली जागा. ही कागदपत्रं अभिलेखागाराच्या यादीत गरिबांच्या देखरेख्यांच्या (ओव्हरसीअर्स ऑफ द पुअर) नावाखाली सापडतात. त्यांचे जमाखर्चही बघा. अमक्या विधवेला बुटांचे पैसे, तमक्याच्या शवपेटीचे पैसे. आमच्या थॉमसची शवपेटी अशीच निघाली, १७९४ ची.

पूर्वज सैन्यात गेला आणि वहीतून अदृश्य झाला, असंही होतं. तो मुंबई इलाख्यात आला असेल तर खडकी, देवळालीसारख्या छावण्यांतल्या आणि रेल्वेच्या गावांतल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवलेल्या आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई यांच्या मालिका वेगवेगळ्या आहेत. फिबिस या संस्थेची फुकट सूची आधी चाळा.

मृत्युपत्र: जिथे नाती खरोखर लिहिलेली असतात

वहीत प्रसंग आणि मृत्युपत्रात नातं, म्हणून दोन्ही एकमेकांवर घासून बघायचं. शेतकऱ्यांची मृत्युपत्रं नसतात हा गैरसमज आहे. बरी जमीन बाळगणारा योमन, खंडाने थोडी कसणारा हजबंडमन, सुतार, लोहार, विधवा, सगळ्यांची सापडतात. लग्न झालेल्या बाईंची मात्र १८८२ च्या कायद्याआधी क्वचित, कारण नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करताच येत नव्हतं.

१२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रं मान्य करण्याचं काम सरकारी कोर्टाकडे आलं. त्यानंतरची शोधणं सोपं, देशभराची छापील वार्षिक यादी आहे, आडनावाप्रमाणे. त्याआधी चर्चची कोर्टं होती आणि तिथे खरी गंमत आहे. मालमत्ता एका आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, हद्दीत असेल तर त्याचं कोर्ट. जास्त पसरली तर बिशपचं. दोन बिशपांच्या मुलुखांत पाच पौंडांहून जास्त ऐवज असेल तर आर्चबिशपचं, म्हणजे दक्षिणेत कँटरबरी आणि उत्तरेत यॉर्क. शिवाय मधेच एखादं गाव स्वतःचं वेगळं कोर्ट बाळगून असतं. खालून वर सगळी कोर्टं तपासा. कँटरबरीची १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'प्रॉब ११' या मालिकेत आहेत आणि नावाने ऑनलाइन शोधता येतात. यॉर्कची यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. १६५३ ते १६६० मध्ये चर्चची कोर्टं बंद होती आणि सगळ्या देशाची मृत्युपत्रं लंडनला जात. त्या सात वर्षांत एखादा साधा शेतकरीही तिथे सापडतो, हे विसरू नका.

आता वाचायचं कसं. सुरुवात "देवाच्या नावे, आमेन"ने. मग "शरीराने दुबळा पण बुद्धीने शाबूत", आत्मा देवाला, देह मातीला. हा बहुधा लिहिणाऱ्याचा साचा, त्यावरून पणजोबांच्या भक्तीचे निष्कर्ष काढू नका. खरं वाचन त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक नाव, नातं आणि गाव वहीत उतरवून घ्या. लग्न झालेल्या मुली नव्या आडनावाने येतात, नातवंडं येतात, दुसऱ्या गावातला भाऊ येतो. मृत्युपत्राची तारीख आणि कोर्टाने ते मान्य केल्याची तारीख यांच्या मधे मृत्यू असतो. ती खिडकी घेऊन दफनाच्या वहीत जा.

मुलाला फक्त एक शिलिंग दिला म्हणजे बापलेकांचं भांडण होतं, असं नाही. अनेकदा त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असतो, आणि विसरलो नाही हे दाखवायला तो शिलिंग. थोरल्याचं नावच नसेल तर जमीन त्याच्याकडे वेगळ्या वाटेने गेली असेल. सॉमरसेट, डेव्हन या पश्चिमेकडच्या भागात जमीन बऱ्याचदा तीन आयुष्यांच्या मुदतीने मिळायची. करारात तीन माणसांची नावं, ती तिन्ही मरेपर्यंत हक्क. बहुधा नवरा, बायको आणि एक मूल, कधी वयासकट. असे करार आणि मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, कोर्टाच्या वह्या मृत्युपत्राइतक्याच बोलक्या आहेत. कुळाच्या नोंदी बघायची सवय असलेल्या मराठी माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल.

नात्यांचे शब्द हा मात्र काट्यांचा मळा. चुलत, आते, मामे, मावस अशी खण पाडलेली आपली भाषा. जुन्या इंग्रजीत 'कझिन' म्हणजे भाचा, पुतण्या, पुतणी, काहीही. 'सन-इन-लॉ' सावत्र मुलगाही असू शकतो. 'ब्रदर' म्हणजे मेहुणा किंवा साडू. 'माझी आताची बायको' असं लिहिलं म्हणजे आधी एक होऊन गेली असेलच असं नाही. आणि 'सीनियर', 'ज्युनियर' हे बापलेकच असतात असंही नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे, थोरला आणि धाकटा, एवढाच त्याचा अर्थ.

मृत्युपत्राला मालमत्तेची यादी जोडलेली सापडली तर त्या दिवशी जेवण थंड होऊ द्या. १७८२ पर्यंत या याद्या सर्रास होत. शेजारचे दोन-तीन जण घरातून खोली-खोलीने फिरत किंमत लावत: आधी अंगावरचे कपडे आणि थैलीतले पैसे, मग पिसांची गादी, पितळी भांडी, डुकरं, चीज, शेतातलं उभं पीक. यादी क्रमाने वाचली की घराचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. चूल किती खोल्यांत होती, हेही कळतं.

आणि सहीबद्दल सावध. कोर्टाच्या नोंदवहीतली प्रत कारकुनाच्या हातची असते, 'प्रॉब ११' सगळं तसंच. लग्नाच्या वहीतल्या सहीशी ताडून बघायची तर मूळ मृत्युपत्र हवं.

अक्षराची भीती मराठी माणसाला वाटू नये. सोळाव्या-सतराव्या शतकातलं सेक्रेटरी हँड म्हणजे त्यांची मोडी. मोठ्या 'एफ'च्या जागी दोन छोटे 'एफ', मधला 'एस' लांब काढलेला. मोडीसारखंच तंत्र: ज्या शब्दाची खात्री आहे, उदाहरणार्थ "आमेन", त्यातली अक्षरं उचलून मुळाक्षरांचा तक्ता बनवायचा आणि त्याच लेखकाच्या पुढच्या ओळी त्यावरून सोडवायच्या.

कागद जळलेच असतील तर

मे १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्सेटर शहर भाजून काढलं. डेव्हनची मृत्युपत्रं तिथे होती, आणि सॉमरसेटचीही बहुतेक तिथेच ठेवलेली. गेली सगळी. हे वाचलं त्या दिवशी मी शोध सोडून दिला होता. मग कळलं की वारसा कराच्या खात्याने प्रती करून घेतल्या होत्या आणि डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटच्या साधारण १८१२ ते १८५७ च्या प्रती वाचल्या आहेत. त्याआधीचं हवं असेल तर त्याच खात्याची १७९६ पासूनची नोंदपुस्तकं क्यूला आहेत. तिथे मयत, वारस आणि त्यांचं नातं लिहिलेलं असतं. लढाईआधी कोणी हौशी माणसाने करून ठेवलेले उतारेही अभिलेखागारात विचारा.

त्या प्रतींत १८१५ चा एक रॉबर्ट सापडला, हजबंडमन. "माझा नातू जॉन, माझा दिवंगत मुलगा थॉमस याचा मुलगा, यास पाच पौंड." मी ते वाक्य तीनदा वाचलं. वहीतले दोन प्रसंग एका माणसाने स्वतःच्या तोंडाने जोडून दिले होते. रॉबर्टच्या दफनाच्या नोंदीत वय ८०, म्हणजे जन्म १७३५ च्या सुमाराचा. शेजारच्या पॅरिशात १७५९ ची लग्नाची हाळी आणि मग लग्न मिळालं. थॉमसची आई जोन नव्हतीच. चौकटीतल्या झाडाने त्याच गावातला आधीचा रॉबर्ट, जोनचा नवरा, आणि हा रॉबर्ट एकच धरले होते.

हा धाकटा रॉबर्ट त्या थोरल्याचा मुलगा असेल, असावा असं वाटतं. वय जुळतं, गाव जुळतं. पण १७३५ च्या आसपासची त्या वहीची पानं पाण्याने गेलेली आहेत, बिशपच्या नकलेत ती वर्षं नाहीत, आणि थोरल्याचं मृत्युपत्र असलंच तर एक्सेटरला जळलं. कुठे कुठे शोधलं आणि काय मिळालं नाही, हे मी तारखेसकट वेगळ्या पानावर लिहून ठेवलं आहे. पुढच्याला तीच पानं पुन्हा उलटायला नकोत.

सासूबाईंनी चौकट उतरवली, रॉबर्टच्या वरचं सगळं पेन्सिलने खोडलं आणि विचारलं, "म्हणजे अमेरिकेतल्या चुलत बहिणीला मी दर नाताळात जे पत्र पाठवत आले, ते कोणाला?"

ते झाड आता स्वयंपाकघरात, फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे.